चाळीसपैकी सहा, मास्तरसुद्धा

पिसाळ सर प्रत्येक पेपरावर दोनदा मार्क द्यायचे. वर मुलाचे आणि खाली लाल शाईने स्वतःचे. 'विद्यार्थी चाळीसपैकी सहा. मास्तर चाळीसपैकी सहा.' खाली झोकदार सही. तो पेपर घरी जायचा, आणि पालक शाळेत भेटायला आले की सर हात बांधून त्यांच्यासमोर उभे राहायचे. "पोराला काय बोलू नका. ह्यात मी नापास हाय. काय बोलायचं ते मला बोला."

पालक बिचारे घाबरायचे. एका बाईंनी मात्र संधी सोडली नाही. भाजी मार्केटात गाळा चालवणाऱ्या त्या बाईंनी सरांना पंधरा मिनिटं उभं-आडवं झाडलं. सर मान खाली घालून "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत होते. स्टाफरूमच्या दारात सगळे हसत होते. मला हसू आलं नाही, संताप आला. कारण त्याच वर्गाला मी मराठी शिकवत होते, आणि त्या बाई तिथून थेट माझ्याकडे वळल्या. "आणि मॅडम, तुमचे किती?"

अकरा वर्षं या माणसाने मला असं छळलं. सर मूळचे साताऱ्याकडचे. नेरूळला सगळी नोकरी झाली तरी भाषा तसूभर हलली नाही. आवाज असा, की तळमजल्यावर अपूर्णांक सुरू झाले की तिसऱ्या मजल्यावर आमची कविता बंद. आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. स्टाफरूममध्ये कुणी एखाद्या मुलाला 'ढ' म्हटलं की सर भरला डबा झाकायचे आणि उठून जायचे. जाताना सुनवायचे, "पोरगं चुकत न्हाई. वाट चुकती. दुसरी वाट दावा की!" एकदा तो शब्द माझ्याच तोंडून गेला. आठ दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. ते आठ दिवस शांततेत गेले, हे खोटं कशाला बोलू?

एकदा आम्हाला 'विद्यार्थ्यांच्या गरजा ओळखणे' या विषयाचं प्रशिक्षण होतं. एसी हॉल, पडद्यावर रंगीत चौकोन, दुपारी पुलाव. साहेब तासभर बोलले. शेवटी कुणाला शंका आहे का, असं विचारल्यावर पिसाळ सर उठले. "साहेब, गरजा कुणाच्या वळखायच्यात? हितं तर समदे मास्तरच दिसत्यात. पोरं कुटं हायत?" साहेब म्हणाले, हे मॉड्यूलमध्ये नाही. सर म्हणाले, "तेच तर म्हनतोय." पुढच्या प्रशिक्षणांना त्यांच्या जागी मला पाठवू लागले.

आता तनुजाचं सांगायला हवं, आणि ते सांगताना मला स्वतःचाच राग येतो. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के. गेटवर तसा फ्लेक्स असतो. ते शंभर टक्के कसे येतात, हे फ्लेक्सवर नसतं. नववीतली कच्ची मुलं वेळेवर हेरायची, पालकांना बोलवायचं, गोड बोलून चहा पाजायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म पुढे सरकवायचा. म्हणजे मुलाने दहावीला बाहेरून बसायचं. नापास झालाच तर शाळेचं नाव खराब होत नाही. ती यादी निकाल समिती करते. समितीची प्रमुख मी होते. त्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव होतं तनुजाचं, माझ्या वळणदार अक्षरात.

तनुजाचे वडील न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. मुलगी शांत, शेवटच्या बाकावरची. गणिताचा पेपर हातात आला की तिचं पेन थांबायचं ते घंटा होईपर्यंत. पण पोर्टच्या गेटवर पुढे किती गाड्या आहेत एवढं बाबांनी फोनवर सांगितलं, की बाबा किती वाजता जेवायला येतील हे ती तोंडी सांगायची, आणि वडील दहा मिनिटांच्या आत-बाहेर यायचे. हे शोधून काढलं पिसाळ सरांनी. आम्हाला तिच्या वडिलांचं नावही धड माहीत नव्हतं.

तनुजाची आई फॉर्मवर सही करायला आली, त्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, ऑफिसातच होते. सर वर्ग सोडून तिथे घुसले. "हिला गणित येतं! पेपर येत न्हाई! दोन्ही येगळं हाय का न्हाई?" मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, आवाज खाली." सरांनी आवाज खाली केला नाही. टेबलावरचा फॉर्म ओढला आणि सहीच्या जागी आपली सही ठोकली. बाईंनी दुसरा फॉर्म काढायला लावला. त्याच्यावरही सही. तिसऱ्या फॉर्मला प्रिंटरमध्ये कागद अडकला. शिपाई प्रिंटर उघडून बसला, आणि तनुजाची आई खुर्चीच्या कडेवर बसून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी तिने पेनाला टोपण लावलं. "सर एवडं भांडतान तर ऱ्हाऊ द्या तिला शालेन." ही अक्कल त्या खोलीत फक्त तिला होती.

तनुजा शाळेत राहिली. वर्षभर सर तिला शाळा भरण्याआधी तासभर शिकवायचे. कंटेनर, रांगा, गाड्या, वेळ. तिचं पेन हळूहळू हलायला लागलं. मोठ्या बाई मला रोज ऐकवायच्या, "बघा हं, निकाल तुमची जबाबदारी." आणि मी सरांवर चिडायचे, कारण बाईंवर चिडायची माझी हिंमत नव्हती.

मे महिन्यात निकाल लागला. तनुजा पाच विषयांत पास, गणितात शंभरपैकी अठरा.

शंभर टक्क्यांचा फ्लेक्स आधीच छापून आला होता. तो गुंडाळून जिन्याखाली टाकला. मोठ्या बाई काय बोलल्या ते लिहीत नाही. मुलीची चौकशी मात्र कुणी केली नाही, मीसुद्धा नाही. गुणपत्रिका न्यायला सगळी मुलं आली, तनुजा आली नाही. सर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "मॅडम, चला. तुमी यादी केलीवती, तुमीबी चला." मी पर्स उचलली आणि निघाले.

करावे गावातल्या तनुजाच्या घरी पोचलो, तर आई दारातच. "दार लावून बसलीय. सकालपासून पानी पन नाय पिली." सर आतल्या खोलीच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता गल्ली हादरणार. सरांनी दोनदा तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. मग ते दाराशेजारी जमिनीवर बसले आणि रुमालाने डोळे दाबून धरले. तीन मजल्यांना पुरणारा तो गळा, आणि आता त्यातून नुसते हुंदके.

शेवटी मीच दाराशी गेले. म्हटलं, "तनुजा, तुझं नाव यादीत मी घातलं होतं. सरांनी नाही. राग धरायचा तर माझा धर."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. तनुजाचे डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरांना खाली बसलेलं पाहिलं, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"सर, जुलैला परत पेपर आहे ना? मग उद्या किती वाजता येऊ?"

सर तांब्याकडे पाहत राहिले. "शाळंत नको येऊ, बाळा. एकतीस तारखंला मी रिटायर व्हतोय. मग मला कोन वर्ग देनार?"

अकरा वर्षांत मला ही तारीख माहीत नव्हती. निरोप समारंभाचं कुणी नावही काढलं नव्हतं.

"मग इथे या ना. सात वाजता चालेल? की लवकर होईल तुम्हाला?"

"लवकर कसलं. मला चारलाच जाग येती." सर हसायला गेले, पण जमलं नाही. "बायको गेल्यापास्नं तसंच हाय. उठून बसतो झालं. कुनाकडं जायाचं नसतं."

तनुजाने डोळे पुसले.

"मग सहालाच या की, सर. आई तेव्हा चहा टाकते."