बर्वेसाहेबांची उंची

जेवायला बसले की बर्वेसाहेब आधी खिशातून व्हर्नियर काढायचे आणि चपातीची जाडी मोजायचे. मेसवाल्या मावशी वैतागायच्या. "साहेब, खायचीय का मशीनला बसवायचीय?" साहेब शांतपणे आकडा सांगायचे, मग पहिला घास.

चाकणच्या कारखान्यात मी हेल्पर लागलो तेव्हा ते तिथं क्वालिटीचे साहेब होते. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. व्हर्नियरला हात लावायचीसुद्धा भीती वाटायची. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच वाचायला शिकवलं. मी "असेल दहाच्या आसपास" म्हणालो की टेबलावर टिचकी. "अंदाज नको, माप सांग!" आज मी तपासणीच्या टेबलावर बसतो ते त्या टिचक्यांमुळं.

रिटायर झाल्यावर चिंचवडच्या घरातली पुढची खोली त्यांनी मला दिली. काकू गेल्यापासून ते एकटेच. घड्याळाला, थर्मामीटरला, दुधाच्या मापालाही कारखान्यासारखं स्टिकर: कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. दोनदा पडलेले मुतखडेही बाटलीत ठेवलेले, वर माप लिहून.

मग एक दिवस नुसती बादली उचलताना मनगट मोडलं. प्लास्टर घालून आले आणि पुढचं निदान त्यांनी स्वतःच केलं. "हाडांना माल कमी पडतोय. पुरवठा वाढवायचा." दोन वेळा दूध, वर दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. पण तहान वाढली, पोट साफ होईना, माणसांची नावं विसरू लागले. एकदा चपाती न मोजताच जेवले. तेव्हा मी खरा घाबरलो. इथं मला काही झालं तर मी साहेबांना सांगणार; साहेबांना झालं तर कुणाला सांगू?

पिंपरीला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्तात कॅल्शियम कमी नव्हतंच, फार जास्त होतं. बाई म्हणाल्या, मानेत चार बारीक ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की हाडांतून काढून आणायचा हुकूम त्या सोडतात. एकीवर साधी गाठ झाली होती आणि तिला थांबायचं कळत नव्हतं.

साहेब म्हणाले, "म्हणजे टाकी भरली तरी मोटर चालूच. आणि मी वरून बादल्या ओततोय."

"अगदी. गोळ्या आजपासून बंद. गाठ काढावी लागेल, बोराएवढी आहे."

"अंदाज नको, बाई."

"अठरा मिलिमीटर," बाई हसल्या. "बरं, हाडं ठिसूळ झाली की पाठीचे मणके दबतात. तुमची उंची कमी झालीय का?"

चपाती मोजणारा माणूस खाली बघत म्हणाला, "सहा वर्षांत मोजलेली नाही."

ऑपरेशन झालं तेव्हा मी बाहेर त्यांचा चष्मा आणि व्हर्नियर मांडीवर घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मी धावत बाईंना बोलावून आणलं. बाई म्हणाल्या, आता हाडं भुकेली आहेत, रक्तातलं परत ओढून घेतायत. म्हणून गोळ्या पुन्हा सुरू. "रिजेक्ट केलेला माल परत लाइनवर!" असं पुटपुटत साहेबांनी गोळी गिळली.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवरचं कॅलेंडर काढलं. मागं पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीशेजारी गोल बायकी अक्षरात तारीख. शेवटची सहा वर्षांपूर्वीची.

"दर वाढदिवसाला माझी तपासणी व्हायची. ही स्टुलावर चढून डोक्यावर गुण्या धरायची." त्यांनी काटकोनाची ती पट्टी माझ्या हातात दिली आणि चौकटीला पाठ लावून ताठ उभे राहिले. "एकट्याला हे माप घेता येत नाही रे. गुण्या तिरका होतो."

मी गुण्या धरला, रेघ मारली. जुन्या रेघेच्या बरीच खाली आली.

"किती कमी?"

"थोडीशीच, साहेब."

त्यांनी टिचकी मारली नाही. चौकटीला तसेच टेकून राहिले.

"तारीख घाल," ते म्हणाले. "आणि पुढच्या तपासणीचीही घालून ठेव. तुझ्या अक्षरात."