शून्यालाही घर

खंदारे सरांनी मला परभणीहून येताना ग्राफसाठी कागद आणायला सांगितलं, आणि मी बारीक चौकटींचा ग्राफ पेपर घेऊन आलो, तोही दस्ताभर. सरांनी एक कागद उलटसुलट करून पाहिला.

"सर, हा आलेखाचा हाय. माझा ग्राफ येगळा. त्यात नुसते ठिपके अन् रेघा."

त्यांना कोरे कागद हवे होते. मी इतिहास शिकवतो; एवढी चूक मला शोभून दिसते.

पूर्णेच्या आमच्या शाळेत खंदारे सर गणिताचे. एका उन्हाळ्यात हैदराबादला शिक्षकांच्या वर्गाला गेले, तिथं काचेपलीकडून कॉम्प्युटर पाहिला आणि परत आले ते सगळ्या जगाचे ठिपके करूनच. यंत्र तिकडं हैदराबादेत, प्रोग्रॅम इकडं पूर्णेत, कागदावर. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. स्टाफरूममध्ये कुणाचं कुणाशी काही निघालं की हे विचारणार, "रेघ एकेरी का दुहेरी?" हेडमास्तर शिपायावर ओरडतात ती एकेरी, बाणाची. शिपाई मनातल्या मनात ओरडतो, ती यंत्राला दिसत नाही. आमच्या संसाराबद्दलही त्यांनी एकदा हेच विचारलं. हिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "सध्या एकेरी हाय."

यंत्राला चित्र कळत नाही, हे सरांचं खरं दुखणं. त्याला ठिपके समजवायचे दोन मार्ग. एक यादीचा: प्रत्येक नावापुढं ज्यांच्याशी रेघ आहे तेवढीच नावं लिहायची. दुसरा तक्त्याचा: सगळी नावं आडवी, तीच पुन्हा उभी, रेघ असेल त्या घरात एक, नसेल तिथं शून्य. यादीला जागा कमी लागते, म्हणून हैदराबादचे लोक यादीच बरी म्हणत. सर तक्त्यावर अडून. माझे चौकटींचे कागद अखेर तिथं कामाला आले, हे मी हिच्या कानावर घातलंच.

एवढी शून्यं लिहीत बसायची कशाला, असं मी एकदा विचारलं.

"यादीत रेघ न्हाई त्याचं नावच गळतं सर. तक्त्यात शून्यालाबी घर असतं."

एका रविवारी सकाळी सर असाच एक तक्ता घेऊन आमच्याकडं आले. त्यात त्यांचे नातलग होते, मी होतो, हीसुद्धा होती. दोन ठिपक्यांत थेट रेघ नसली तरी मधल्या ठिपक्यांवरून वाट कशी निघते, हे ते चहा गार होईपर्यंत सांगत राहिले. बोट त्यांच्या नावावरून माझ्याकडं आलं, माझ्याकडून हिच्याकडं, हिच्याकडून सुमनबाईंकडं आणि शेवटी दादारावांवर थांबलं. मला वाटलं, नवा धडा आहे. मी मान डोलावत होतो. ही मात्र कणीक मळता मळता थांबली.

दादाराव म्हणजे सरांचे थोरले भाऊ, राहणार चुडावा. आई गेली तेव्हा तिचा एकुलता एक फोटो कुणाच्या भिंतीवर लागावा, यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. आता दादारावांच्या मुलीचं लग्न निघालं होतं आणि सरांना बोलावणं नव्हतं. सुमनबाई ही दादारावांची बायको. हिचं माहेरही चुडाव्याचंच. ही माहेरी गेली की विहारात दोघी कायम शेजारी बसायच्या.

"मी आज माहेरी जायलेय," ही म्हणाली. खरं तर असं काही ठरलेलं नव्हतं. "तिकडं काय सांगू, सर?"

सर तक्त्याकडंच बघत होते. "पोरीला खांद्यावर खेळवलंय, वहिनी. मांडवाच्या कडेला उभा राहीन म्हणावं. कुणाशी बोलणार न्हाई." पुढं त्यांना गणित सुचलं नाही.

चुडावा गाडीनं इतकं जवळ, की तंबाखू मळून होईस्तोवर येतं. तरी हिला परतायला दिवेलागण झाली. मी दारातच विचारलं, काय म्हणाले दादाराव?

ही पायरीवरच बसली. "मला बोलूच कुठं दिलं हो त्यांनी. बोलावणं का न्हाई धाडलं म्हणलं, तर माझ्यावरच चिडले. म्हणले, सख्ख्या भावाला कुणी बोलावणं धाडतंय का? मांडवाची पहिली मेढ तशीच भिंतीला टेकवून ठेवलीय. धाकटा आल्याबिगर कुणाला हात लावू देईनात."