नऊ रात्रींचं फळ

चष्मेवाल्यांनी दुकान उघडण्याआधी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. मरणाऱ्या ताऱ्याने अंगावरून उतरवून टाकलेल्या वायूचा, म्हणजे तेजोमेघाचा. तो इतका फिकट, की गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा जोडून नऊ रात्री जागल्यावर कुठे काळ्या चौकटीत एक करडा गोळा उमटला. खाली त्यांनी भरल्या मनाने लिहिलं, 'नऊ रात्रींच्या कष्टांचं फळ. अजून पुसट आहे, पण आनंद पोटात मावत नाही!'

पाच मिनिटांत मोठ्या बहिणीचा फोन.

"अरे, या वयात?"

"वयाचं काय, ताई? आवड हवी आणि चिकाटी."

"जनाची नाही तर मनाची तरी!"

"अगं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या मागे लागणार आहे."

ताईंनी फोन आपटला.

चष्मेवाल्यांची बायको शाळेत शिकवायची. दुपारी ती अर्धी रजा टाकून तणतणत घरी आली. नवऱ्याला तिने दुकानातून बोलावून घेतलं.

"मला एक्कावन्नावं लागलंय! आणि शिपाई मला जिना चढू देत नाही! तुमचा तो गोळा ग्रुपवरून फिरत फिरत शाळेत पोचलाय, आणि सगळ्यांना सोनोग्राफी वाटतोय!"

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईने ग्रुपवर खुलासा केला, 'गैरसमज नसावा. त्यात जीव नाही. हळूहळू सगळं विरून जाणार आहे.'

अर्ध्या तासाने ताई पिशवी घेऊन दारात उभ्या. त्यांनी आल्या आल्या भावजयीला मिठी मारली.

"रडून घे. मनात ठेवू नकोस."

"अहो वन्सं, तो तारा आहे, तारा!"

"नावसुद्धा ठरवलं होतंत!" म्हणून ताईंनी हंबरडाच फोडला.

तो ऐकून आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत बसलेली सून बाहेर आली. तिने सासऱ्यांच्या फोनवरचा फोटो पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, माझी दवाखान्याची फाईल तुम्ही उघडलीत? आम्ही रविवारी सांगणारच होतो!"

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग सासूने सुनेला जवळ ओढलं, आणि ताईंचं रडणं मध्येच हसण्यात बदललं.

"ताई, पण हा फोटो खरंच..." चष्मेवाले पुन्हा समजावू लागले.

"थांब रे." ताईंनी भावानेच बनवून दिलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तेजोमेघ दोन बोटांनी मोठा केला. "हे नाक बघ. थेट आपल्या आईचं."