तिसरं नाक

दुरावलेल्या माणसांना पुन्हा एका टेबलाभोवती कसं बसवायचं, यावर माझ्याइतका बिनचूक बेत आजवर कुणी आखला नसेल! आणि बिनचूक हा शब्द मी उगाच वापरत नाही. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. बावीस वर्षांत माझ्या हातून एक ऱ्हस्व वेलांटी निसटलेली नाही. घरातल्या वाणसामानाच्या यादीवरही मी लाल पेनाने खुणा करतो, म्हणून तर बायको यादी हल्ली तोंडी सांगते.

तर आधी ती माणसं दुरावली कशी, ते ऐका.

एका चित्रकाराने एक पुस्तक काढलं होतं. त्यात बारा चित्रं, प्रत्येक चित्राखाली चार ओळींची कविता आणि या सगळ्यात दडवलेल्या खुणा. ज्याला त्या उलगडतील त्याला कळणार, की चित्रकाराने आपलं चांदीचं कासव कुठे पुरलंय. मग जायचं, खणायचं, कासव आपलं! डोकं चालवायचं ते घरी खुर्चीत बसून, घाम गाळायचा तो फक्त शेवटची दहा मिनिटं.

आम्ही चौघांनी या पुस्तकापायी सहा वर्षं घालवली. एक मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पण खिशातलं होकायंत्र निवृत्त व्हायला तयार नाही. दुसऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई. शब्द मुळासकट उपटण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिसरा शिंपी, माझा शाळेपासूनचा दोस्त. टेप गळ्यात घालून झोपत असावा, असा मला संशय आहे. आणि चौथा मी. मला हे लोक ‘कानामात्रा’ म्हणायचे. दर रविवारी सकाळी नऊला आमच्या जेवणाच्या टेबलावर बैठक. टेबलावर नकाशे, भिंगं, बिस्किटांचा चुरा आणि तारस्वरातली भांडणं!

“सातव्या चित्रातलं घड्याळ महत्त्वाचं आहे,” बाई म्हणायच्या.

“छे! ती नुसती सजावट आहे,” मी म्हणायचो.

एके दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. एक तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात चांदीचं कासव! खाली लिहिलं होतं, कोड्याची किल्ली सातव्या चित्रातल्या घड्याळात होती.

त्या रविवारी सगळे आले, पण मला कुणी बोल लावला नाही. चहा झाला. मास्तर म्हणाले, “मग... आता?” पुढच्या रविवारी बाईंना सर्दी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी शिंप्याकडे लग्नाचे कपडे आले. त्यानंतर कुणी कारणही कळवलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं हो! भांडलेली माणसं निदान समजूत काढायला तरी येतात. आमच्यात काहीच झालं नव्हतं. नुसतं कोडं संपलं होतं.

चार वर्षं गेली. तरी रविवारी सकाळी नऊला मी टेबलाशी जाऊन बसायचो. चारही खुर्च्या बाहेर ओढायचो. बायको विचारायची, “कुणी येणारंय?” मी म्हणायचो, “छे, फरशी पुसायची असेल ना तुला.” ती बिचारी मग फरशी पुसायची.

असा एक रविवार गेला आणि मला बेत सुचला. त्यांना परत आणायला नवं कोडं हवं. ते मीच करायचं आणि निनावी पाठवायचं!

खजिना तयारच होता, सहा वर्षांच्या खटाटोपाची आमची जाडजूड वही. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली. पाण्याच्या टाकीमागे सार्वजनिक बाग आहे, तिथे फाटकातून शिरल्यावर तिसऱ्या बाकाखाली डबा पुरला. मग ओळी रचल्या:

पाण्याच्या उंच मनोऱ्याला
मागे जाउन मारा हाक,
मोजत मोजत आत शिरा अन्
तळाशी खणा, तिसरं बाक!

शेजारी बाकाचं चित्रही काढलं. बायको म्हणाली, “घोडा छान आलाय.”

“बाक आहे तो!”

“मग त्याला शेपूट कशाला?”

“ती बाकाची सावली आहे!”

छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने ओळी टाइप केल्या, छापल्या, पाकिटांत घातल्या. संशय नको म्हणून एक पाकीट माझ्याही पत्त्यावर धाडलं; ते आलं तसंच न फोडता ठेवून दिलं, आत काय आहे ते मला ठाऊकच होतं. म्हटलं, आता रविवारपर्यंत फोन खणखणतो बघा! “कानामात्रा, तुलाही आलं का रे पाकीट? चल, बसू या!”

रविवारी फोन खणखणला. मी झेप घेतली! विमा विकणारी मुलगी होती. इतका वेळ तिच्याशी कुणी बोललं नसेल. शेवटी तीच म्हणाली, “काका, मी ठेवू का आता?”

दुसरा रविवार गेला. तिसरा, चौथा, पाचवाही गेला.

“तुम्हीच करा ना त्यांना फोन,” बायको म्हणाली.

“म्हणजे मीच पाठवलंय हे त्यांना कळू दे, असंच ना?”

“कळलं तर काय होईल?”

काय होणार होतं? दया आली असती त्यांना. बोलावणं नको, दया नको. मला ते सगळे आपणहून, भांडत यायला हवे होते. हे तिला कसं सांगणार? मी म्हटलं, “तुला कोड्यातलं कळत नाही.”

सातव्या रविवारी मी हार मानली. पाकिटं फाडून केरात गेली असणार. निदान वही तरी घरी आणू, म्हणून खुरपं घेतलं आणि बागेत गेलो.

बघतो तर काय! बाग कुठली, चाळण झाली होती! पुतळ्यांच्या रांगेखाली खड्डे, कारंज्याभोवती खड्डे, मुलांच्या घसरगुंडीपाशी तर विहीरच! धड होतं ते फक्त माझं तिसरं बाक. तिकडे एक पाऊल टाकलं मात्र, मेंदीच्या कुंपणामागून वाघासारखी झेप पडली.

“सापडला!” बागेचा माळी ओरडला. त्याने माझं मनगट पकडलं. “पाच आठवडे टपून बसलोय तुझ्यासाठी!”

“अहो, मी नाही!”

“मग हातात काय आहे? फुलदाणी?”

त्याने मला ओढतच अधीक्षकांच्या खोलीत नेलं. अधीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आपली नोंदवही उघडली. “एकूण खड्डे सतरा. पाण्याची नळी फुटली एकदा. कशासाठी खणत होतात?”

“साहेब, मी एकही खड्डा खणलेला नाही. मी आज पहिल्यांदाच खणायला आलोय.”

बोललो आणि जीभ चावली. अधीक्षकांनी नोंदवहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. ‘पहिल्यांदाच’मधला च त्यांनी वेगळा लिहिला होता. एरवी मी सोडलं नसतं!

तेवढ्यात माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. फाटकातून तिघं जण येत होते. सगळ्यांत पुढे होकायंत्र धरलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा, मागे मोठी टोपी घातलेल्या बाई आणि त्यांच्या मागे गळ्यात टेप, खांद्यावर फावडं. तिघंही एकाच वेळी बोलत होते. मास्तर किती वाकले होते! बाईंचे केस पिकले होते. पण भांडत होते ते अगदी तसेच. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते, तरी मला सगळं कळत होतं.

माळी धावला. आता हे सापडणार! म्हाताऱ्या मास्तरांना या खोलीत उभं करणार! मी उठलो, छाती पुढे काढली आणि म्हणालो, “साहेब, लिहून घ्या. सतराही खड्डे मीच खणले!”

दारातून आवाज आला, “साफ खोटं!” मास्तर होते. “खड्डे आमचे आहेत! सतरावा तर मी स्वतः खणलाय, या वयात!”

“चौदावा माझा,” बाई म्हणाल्या. “एकटीचा!”

“नळी मी फोडली,” शिंपी म्हणाला आणि मला पाहताच त्याने फावडं पाठीमागे दडवलं.

अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं. इतके उत्साही गुन्हेगार त्यांनी पाहिले नसावेत. ते वरिष्ठांना फोन करायला आत गेले आणि आम्ही चौघं भिंतीकडच्या बाकड्यावर दाटीवाटीने बसलो.

“तुम्ही सोडवताय होय?” मी विचारलं. “तिघं मिळून?”

“सहा आठवडे,” बाई म्हणाल्या. “माझ्या दवाखान्यात, दर रविवारी नऊला.”

“आणि मला बोलावलं नाही?”

“तू कुठे फोन केलास?” शिंपी उसळला. “आधी नेहमी तूच सगळ्यांना फोन करायचास! पाकीट आलं तशी आम्ही तुझ्या फोनची वाट बघत बसलो. आठवडाभर कुणी हललं नाही. मग वाटलं, या वेळी याला एकट्यालाच शोधायचंय.”

“घड्याळाचं मनाला लावून घेतलं असशील, असं मला वाटलं,” मास्तर हळूच म्हणाले. “तुझी जागा आम्ही रिकामी ठेवत होतो. दात काढायची ती खुर्ची असते ना? तीच. तिच्यात बसायला तसंही कुणी तयार नव्हतं म्हणा.”

मला हसूही येईना, रडूही येईना. मग मी मुद्द्यावर आलो. “पण तुम्ही घसरगुंडी का खणलीत?”

बाईंनी पर्समधून माझाच कागद काढला. घड्या पडून चिंध्या झालेला. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे चोळून वाचलं.

तळाशी खणा, तिसरं नाक!

ब च्या जागी न! बावीस वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांसमोरून सरकली. वर ‘हाक’, खाली ‘नाक’. मेलं यमकसुद्धा जुळत होतं!

“पाच पुतळे आहेत,” मास्तर समजावू लागले. “त्यांतल्या दुसऱ्याचं नाक तुटलंय. मग तुटलेलं मोजायचं की नाही? वाद झाला, म्हणून दोन खड्डे. मग कारंज्याचे सिंह. त्यांची नाकं वर्तुळात, सुरुवात कुठून करणार? म्हणून सहा. आणि घसरगुंडी हत्तीची आहे. सोंड म्हणजे नाकच!”

“शिवाय चित्रातला घोडा,” बाई म्हणाल्या. “केवढं नाक आहे बघा त्याला!”

“मला तर आधी तुझाच संशय आला होता,” शिंपी म्हणाला. “असले उद्योग तूच करणार. पण बाई म्हणाल्या, तिसरं नाक हा शब्द मुद्दाम घातलेला आहे आणि घालणारा मोठा डोकेबाज आहे. म्हटलं, मग आपला कानामात्रा नसणार.”

आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. ‘बाक’ हा शब्द अगदी ओठांवर आला. एक अक्षर सुधारायचं, सगळे बाहेर जाणार, दहा मिनिटं खणणार, डबा काढणार. मग घरी येणार, चहा होणार. आणि मग मास्तर म्हणणार, “मग... आता?”

मी तोंड मिटलं.

“काय म्हणत होतास?” मास्तरांनी विचारलं.

“म्हटलं... सिंहांची नाकं उजवीकडून मोजलीत की डावीकडून?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “बघा!” बाई ओरडल्या. “मी म्हणत नव्हते, चौथं माणूस हवं म्हणून!” आणि तिघंही एकदम माझ्याशी भांडायला लागले.

अधीक्षकांनी शिक्षा ठोठावली: सतराही खड्डे आम्ही बुजवायचे आणि वर रोपं लावायची. त्याला पाच रविवार लागले. उन्हात पाठीचे काटे ढिले झाले, पण इतके चांगले रविवार मी चार वर्षांत पाहिले नव्हते. आता बैठक पुन्हा आमच्या टेबलावर भरते. खणायला बंदी आहे, त्यामुळे सगळं काम खुर्चीतच. मास्तरांनी गावातल्या झाडून सगळ्या नाकांची यादी केली आहे. एकशे बारा झाली आहेत आणि प्राणी अजून बाकी आहेत. बायकोला सगळं ठाऊक आहे. ती चहा ठेवते आणि माझ्याकडे न बघता आत जाते. मला लाज वाटत नाही असं नाही. पण रविवारी संध्याकाळी वाटते. सकाळी नऊला वेळच नसतो!

गेल्या बैठकीत बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “एकदा ठरवूनच टाकू. हे कोडं रचणारा माणूस महाबुद्धिमान आहे, की निव्वळ गाढव? मतदान घ्या.”

गाढवाच्या बाजूने तिघांचे हात झटकन वर गेले. मग ते माझ्याकडे बघत राहिले. काय करणार? मीही हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.