साहेबांच्या सायकलीचा निकाल

"गाडीकडे एक नजर टाकली की मी सांगतो, दुरुस्त करायची की भंगारात काढायची! दुसऱ्यांदा बघायची वेळ आली, तर नाव बदलेन!"

हे वाक्य विमा कंपनीच्या ऑफिसात चहाबरोबर रोज ऐकायला मिळे, आणि चहासारखंच तेही फुकट होतं. बोलणारे गृहस्थ अपघात झालेल्या गाड्यांचे सर्व्हेअर. चेपलेल्या मोटारीभोवती एक फेरी मारायची, टायरला बुटाचं टोक लावायचं आणि निकाल द्यायचा: "दुरुस्ती!" किंवा "गेली!" ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणत. घरी बायकोही कधीकधी साहेब म्हणे, पण तिचा सूर वेगळा असे.

अशा या साहेबांना स्वतःच्या सायकलीचा निकाल मात्र लागत नव्हता.

सायकल म्हणजे रोड बाइक. बारीक टायर, वाकडं हँडल, सगळा थाट होता. फक्त दुकानातल्या रांगेतली ती सगळ्यात साधी, नवशिक्यांना देतात तसली. साहेब दर रविवारी तिच्यावरून चार मंडळींबरोबर पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढत. चढत म्हणजे काय, बाकीचे वर जाऊन पाणी पिऊन, पाय मोकळे करून, परत निघायच्या बेतात आले की साहेबांचं हेल्मेट वळणावर दिसू लागे. पुढे कोण असावं? दातांचे डॉक्टर! पोट हँडलला टेकलेलं, मागे कॅरियर, कॅरियरला छत्री. आणि हा माणूस चढावर शीळ घालत असे.

शीळ साहेबांना सहन झाली नाही.

"डॉक्टर, दोष माझ्या पायांत नाही, सायकलीत आहे!" एका रविवारी टाकीपाशी धापा टाकत ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघा. तुमच्या आधी वर नसलो, तर वर्षभर दर रविवारी तुमची सायकल धुईन! सगळ्यांसमोर!"

"चिखलासकट?" डॉक्टरांनी विचारलं.

"चिखलासकट!"

"ठरलं," डॉक्टर म्हणाले आणि छत्री नीट बांधू लागले.

आता प्रश्न एवढाच होता, की आहे त्या सायकलीचे भाग बदलायचे, की सायकलच बदलायची? साहेबांनी बैठकीच्या खोलीत सायकल उभी करून तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. टायरला बुटाचं टोक लावलं. काही सुचेना! जेवताना म्हणायचे, "सुधारू." हात धुताना म्हणायचे, "नको, नवीच घेऊ." भूगोल शिकवणारी बायको पेपर तपासता तपासता म्हणाली, "अहो, आधी सायकलवाल्याला नुसती दाखवा तरी. कदाचित काही फार नसेल."

"अगं, जो माणूस रोज मोटारींचे निकाल देतो, तो सायकलवाल्याला विचारणार?"

शेवटी सुधारायचं ठरलं. पहिल्यांदा चाकं. सायकलवाल्यानं हलकी चाकं बसवली आणि ब्रेककडे हात नेला. साहेब कडाडले, "ब्रेकला हात लावायचा नाही! मला वेग वाढवायचाय, कमी नाही करायचा!"

ब्रेक हा साहेबांचा खास प्रांत होता. सायकल घरी आली त्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ अर्धा बघून पान्यानं ते स्वतः आवळले होते, असे की नुसतं बोट लावलं तरी सायकल जागच्या जागी थांबावी. ब्रेकची रबरं भराभर झिजत. साहेब नवी घालत आणि पुन्हा आवळत. सायकल हलक्या दर्जाची आहे, याचा हाही एक पुरावा ते सगळ्यांना देत असत. नव्या चाकांवरही त्यांनी ब्रेक स्वतःच्याच हातांनी आवळले, जरा जास्तच.

रविवारी डॉक्टर नेहमीसारखे पुढे. शीळसुद्धा तीच!

"गिअर!" साहेब म्हणाले. गिअर बदलले, तर त्यांना जुनी चेन चालेना. चेन बदलली, तर पेडलं जुनाट दिसू लागली. मग हँडल. मग सीट. ही नवी सीट इतकी शास्त्रीय होती, की साहेब ऑफिसात दोन दिवस उभ्यानं काम करत होते. काढलेला एकेक भाग गॅलरीत जाऊन पडे. बायको टॉवेल वाळत घालायला गेली की पायात चाक येई.

"अहो, आता जुनं राहिलं तरी काय?"

साहेबांनी सायकल न्याहाळली. जुनी होती फक्त फ्रेम. आणि ब्रेक.

"सापडला चोर!" ते ओरडले. "फ्रेम! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!"

असं त्यांनी कधीही, कोणालाही सांगितलं नव्हतं. पण नवी फ्रेम आली. सगळे भाग तिच्यावर चढले आणि साहेबांनी आपले लाडके ब्रेक स्वतः बसवून, दात-ओठ खात आवळले. सुधारायची की बदलायची, हे न ठरल्यामुळे त्यांनी दोन्ही करून टाकलं! याला ते निर्णयक्षमता म्हणत.

गॅलरीतला ढीग बायकोनं रिक्षात घालून सायकलवाल्याकडे नेला. जुन्या फ्रेमवर जुनी चाकं, जुने गिअर, जुनी सीट बसली. कमी होते फक्त ब्रेक. ते त्यानं साधेसे नवे लावून दिले.

"ही आता माझी सायकल," ती घरी येऊन म्हणाली.

"घे, घे," साहेब हसले. "भाजी आणायला ठीक आहे."

पैजेचा रविवार उजाडला. साहेब अंगाला चिकटणारे कपडे घालून आले होते. कोणाच्या अंगाला काय चिकटावं, याचेही काही नियम असायला हवेत. सगळे निघाले. पहिल्या वळणावर डॉक्टर पुढे गेले. दुसऱ्या वळणावर साहेबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. इतक्यात मागून घंटी वाजली.

"अहो, पाणी हवंय का?"

बायको! साडीचा पदर खोचून, त्याच जुन्या सायकलवर, पुढच्या पिशवीत पाण्याची बाटली! साहेबांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी मान हलवली. ती हो समजली की नाही, कोण जाणे, पण बाटली घेऊन ती पुढे निघून गेली.

साहेब वर पोचले तेव्हा डॉक्टर तिला शीळ शिकवत होते.

"वारा!" साहेब कसेबसे म्हणाले. "समोरून वारा होता!"

"आम्हालाही समोरूनच होता," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी साहेबांच्या सायकलीचं मागचं चाक उचलून जोरात फिरवलं. चाक अर्धा फेरा गेलं, कण्हलं आणि थांबलं. डॉक्टर वाकले, दोन्ही बाजूंनी रिमला घट्ट बिलगलेली ब्रेकची रबरं पाहिली आणि दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

सगळे पोट धरून हसले. ब्रेक दाबून वर्षभर चढ चढणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

"थांबा, मी जरा सैल करून देतो," डॉक्टर म्हणाले.

"हात लावायचा नाही!" साहेबांनी खिशातून पाना काढला. "ब्रेक माझे आहेत!"

त्यांनी मागचा ब्रेक सैल केला. बरोबरी राहावी म्हणून पुढचाही केला. चाक फिरवलं, तर थांबायचं नाव घेईना! साहेबांचा चेहरा उजळला. "बघा, सायकल म्हणतात ती ही!" असं म्हणून त्यांनी सायकलवर टांग मारली आणि उतार धरला.

आणि मंडळी, साहेब सगळ्यांच्या पुढे गेले! आयुष्यात पहिल्यांदा! डॉक्टर मागे, बायको मागे, एक रिकामा टेम्पोसुद्धा मागे.

"अहो, ब्रेक!" बायको ओरडली.

"वेग बघ, वेग!" साहेब ओरडले. मग वळण आलं. त्यांनी ब्रेक दाबले. ते मऊ लोण्यासारखे हँडलपर्यंत आले, आणि पुढे काहीच घडलं नाही. वळण डावीकडे गेलं. साहेब सरळ गेले, आणि रोपवाटिकेच्या शेणखताच्या ढिगात कमरेपर्यंत जाऊन थांबले.

लोक धावत आले. सायकलीचं पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं झालं होतं. साहेबांनी डोळ्यांवरचं खत पुसलं, सायकलीकडे एक नजर टाकली आणि खास ऑफिसातल्या आवाजात निकाल दिला:

"गेली! ही आता बदलायलाच हवी!"

बायकोनं त्यांच्याभोवती शांतपणे एक फेरी मारली. हात-पाय शाबूत आहेत ना, ते पाहिलं. चपलेचं टोक त्यांच्या बुटाला लावलं.

"काय म्हणता, वहिनी?" डॉक्टरांनी विचारलं. "दुरुस्ती की नवीन?"

"दुरुस्तीच," ती उसासा टाकून म्हणाली. "बदलून कोण देणार? शिवाय यांना तुमची सायकल धुवायची आहे ना, वर्षभर."