बरगडीस झालेली जाणीव

मालोजी ढगे यांच्या डाव्या बरगडीत मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कळ आली आणि ती चाकणच्या एका कारखान्याच्या हद्दीत आली, एवढीच काय ती चूक झाली. हीच कळ पहाटे राजगुरुनगरच्या खोलीत अंघोळीची बादली उचलताना आली असती, तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

कारखान्यात मोटारींच्या दारांचे पत्रे ठोकून काढत. जड साचे उचलायला क्रेन होती, पण ती दीड महिन्यापासून तपासणीत होती. म्हणजे तिच्यावर 'तपासणी चालू' अशी पाटी होती आणि त्या पाटीची दर सोमवारी तपासणी होत असे. तोवर छोटे साचे चौघांनी हातांनी उचलायचे, असं ठरलं होतं. त्या दिवशी चौथा माणूस 'वजन कसं उचलू नये' या प्रशिक्षणाला गेला होता. तिघांनी साचा उचलला, मालोजी कमरेत वळले आणि श्वास अर्ध्यावरच अडकला.

कारखान्याच्या दारात एक फलक होता : 'सलग विनाअपघात दिवस – ९८८'. हजार भरले की मुख्यालयातून परदेशी पाहुणे येणार होते आणि प्रत्येक कामगाराला पाच लिटरचा कुकर मिळणार होता. मध्ये एक जरी अपघात झाला तर फलक पुन्हा शून्यावर.

सुरक्षा अधिकारी जयदीप अर्ज घेऊन आला. मुलगा स्वभावाने चांगला होता, फक्त नोकरीला होता.

"दुखतंय असं तुम्ही म्हणू शकता काका," तो म्हणाला. "पण दुखणं म्हणजे इजा, इजा म्हणजे अपघात आणि अपघात म्हणजे शून्य. एकदा शांतपणे विचार करून सांगा, दुखतंय का?"

मालोजींनी विचार केला. विचार करताना श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे पुन्हा कळ आली. शेवटी बराच खल होऊन अर्जात लिहिलं गेलं : 'कामगाराच्या बरगडीस जाणीव झाली.' जाणिवेला कंपनीची हरकत नव्हती. जागरूक कामगार तर त्यांना हवेच होते.

संध्याकाळी मालोजी डॉक्टर शिफा यांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी बरगड्या एकेक करून दाबल्या, छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, की हाड शाबूत आहे, बरगड्यांमधला स्नायू ताणलाय. दोन-तीन आठवडे वजन उचलायचं नाही. गोळी घ्या, शेक घ्या, पण छातीला पट्टा आवळून बांधू नका, श्वास उथळ होतो आणि छातीत कफ साचतो. तासातासाला दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्या. खोकताना, शिंकताना, हसताना बरगडीला उशी दाबून धरा. धाप लागली, ताप आला किंवा छातीत दडपण वाटलं तर तसेच निघून या. कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरात कारणही लिहिलं : कामावर वजन उचलताना.

तो कागद बघून जयदीपचा चेहरा उतरला. त्याने डॉक्टरांना फोन लावून कारण बदलता येईल का, असं अदबीने विचारलं. कुठं दुखतंय ते मी लिहिते, कुठं दुखू नये ते तुम्ही लिहा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रजा घेतली तर कारण नोंदवावं लागलं असतं. म्हणून मालोजींनी कामावर यायचं, पण काम करायचं नाही, असं ठरलं. मालोजी नाही म्हणणार होते. पण त्यांचा जोडीदार सरफराज जवळ येऊन बसला. "भाऊ, बाराच दिवस कळ सोसा. घरी आमच्या झुलेखाने कुकरची शिट्टी ठेवायला खिळापण ठोकलाय," तो म्हणाला. ठोकलेल्या खिळ्यापुढे मालोजींचं काही चालेना.

दुसऱ्या दिवशी ते 'शुभ रात्री' असं विणलेली उशी घेऊन आले. फाटकावर तिचा पास झाला : 'उशी, नग एक, कापूस, परत जाणार.' संध्याकाळी घामाने तिचं वजन वीस ग्रॅम जास्त भरलं, तेव्हा कंपनीचा माल बाहेर जातोय का, याची पाऊण तास चौकशी झाली.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब फेरीला आले. यंत्रांच्या मधोमध एक पन्नाशीचा गृहस्थ उशी बरगडीशी धरून डोळे मिटून श्वास घेत होता. हे काय, असं त्यांनी विचारलं. जयदीपच्या तोंडून निघून गेलं, "आरोग्य उपक्रम, सर." साहेब थक्क झाले. असा उपक्रम एकाच कामगारापुरता का, असं त्यांनी रागावून विचारलं. पाचव्या दिवशी दोनशे उशा आल्या. तासातासाला भोंगा वाजे आणि अख्खी शिफ्ट उशा छातीशी धरून दहा श्वास घेई. श्वासात गेलेली मिनिटं भरून काढायला साचे दुप्पट वेगाने हातांनी उचलले जाऊ लागले. त्यामुळे आठव्या दिवशी सरफराजच्या बरगडीस जाणीव झाली. बाराव्या दिवसापर्यंत तेवीस जण जागरूक झाले होते.

हजाराव्या दिवशी मांडव घातला गेला आणि दोनशे जण उशा घेऊन बसले. पाहुण्यांनी भाषणात एक विनोद केला. विनोद कुणाला कळला नाही, पण साहेब हसले म्हणून सगळे हसले. लगेच तेवीस हात डाव्या कुशीवर गेले आणि "आई गं" असा एकसुरी आवाज उठला. पाहुण्यांना वाटलं, ही इथली नमस्काराची रीत. तेही हात कुशीवर ठेवून वाकले आणि हळूच "आई गं" म्हणाले. मग उभा मांडवच तसा वाकला.

मालोजींना 'श्वासदूत' म्हणून माइक दिला गेला. आभार मानायचे, एवढंच ठरलं होतं. पण समोर सरफराज तिरका होऊन बसला होता, त्याला सरळ बसता येत नव्हतं. मालोजींना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी दुखेल तेवढा खोल श्वास घेतला.

"साहेब, आमच्या बरगड्या दुखत्यात," ते म्हणाले. "ती क्रेन दुरुस्त करा. आमच्यानं उचलवंना."

मोठे साहेब पाहुण्यांकडे वळले आणि त्यांनी भाषांतर केलं : कामगार म्हणतात, आमचं हृदय भरून आलंय, कंपनीला आम्ही आणखी उंच उचलू. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते बघून कामगारांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी फलकावर नवी मोजणी सुरू होण्यासाठी शून्य लागलं. जयदीप पळत पळत खात्यात आला. "ज्यांना दुखायचंय त्यांनी आजच दुखून घ्या, काका. उद्या एक लागेल." दुपारपर्यंत तेवीस जणांना रीतसर इजा झाली आणि भरपगारी रजा मिळाली. मालोजी चौथ्या आठवड्यात सरळ झाले.

समारंभाचा फोटो मात्र खूप गाजला. दोनशे माणसं उशा घेऊन वाकलीत, तेवीस जणांचे डोळे पाण्याने भरलेत, खाली लिहिलंय, 'आनंदी कामगार, प्रगत उद्योग'. तुमच्या ग्रुपवरही तो आला होता. त्या डोळ्यांतलं पाणी आनंदाचं आहे, हे तुम्ही लगेच ओळखलंत आणि तीन टाळ्या, एक झेंडा टाकून तो पुढे पाठवलात.