दोन इंजिनांचे आमचे साडू

आमचे साडू जेवताना डोक्याला पुठ्ठा बांधायचे.

थट्टा नाही. बियाण्याच्या खोक्याचा चांगला जाड पुठ्ठा होता, कपाळावर नाडीनं आवळलेला आणि दोन्ही बाजूंनी झापडासारखा खाली वळवलेला. त्यातून त्यांना स्वतःचं ताट तेवढं दिसायचं. समोर बायको आहे की पाहुणा, की मांजरानं दुधात तोंड घातलंय, काही पत्ता नसायचा. पाण्याच्या तांब्यासाठी हात लांब करायचे आणि तो माझ्या वरणाच्या वाटीत पडायचा. हे माझ्या बाबतीत तीनदा झालं.

"बाहेर बघायचंच न्हाई, गुरुजी," बोटं चाटत ते मला समजावायचे, तीही माझ्या वरणात बुडालेली. "ढगात गेल्यावर बाहेर काय दिसतंय? कप्पाळ! आत बघायचं. काटे बघायचे."

साडूंचं नाव भगवानराव. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईंचे यजमान. मूळचे केदारखेड्याचे. तिथं शेती आहे, अजून एक बैलजोडीही सांभाळलीय. जालन्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि घर आमच्या भिंतीला भिंत लावून, हे माझं नशीब. मी शाळेत गणित शिकवतो. म्हणजे दिवसभर चाळीस पोरांचं अज्ञान सहन करून घरी यावं, तर दारात हे ज्ञान वाटत उभे.

आता तुम्ही म्हणाल, वैमानिक असतील. छे हो! हा माणूस जन्मात विमानात बसलेला नाही. विमान शिकते ती त्यांची मुलगी मयूरी. पोरगी हुशार, माझ्याच हाताखाली गणित शिकलेली. परराज्यात राहते. एका इंजिनाच्या विमानाचं शिक्षण झालं, आता दोन इंजिनांच्या लहान विमानावर शिकत होती. त्यात बाहेरचं काही न बघता, नुसत्या समोरच्या काट्यांवर विमान चालवायचं. शिकताना मुलांच्या डोळ्यांवर तसलं झापडच घालतात म्हणे, खिडकी दिसू नये म्हणून. ती परीक्षा पास झाल्याशिवाय पुढं नोकरीचं नाव काढायचं नाही. तर शिकत होती पोरगी आणि अंगात आलं होतं बापाच्या.

साडूंचं पेटंट वाक्य म्हणजे, "अंगाचं ऐकायचं न्हाई." ढगात माणसाचं अंग खोटं बोलतं. विमान वळत असलं तरी अंग म्हणतं सरळ चाललंय. म्हणून काट्यावर भरोसा ठेवायचा. इथवर मला पटतं. पण गेल्या वर्षी साडू दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते, दात वाजत होते, आणि म्हणत होते, "मला काही झालेलं न्हाई. अंग खोटं बोलून राह्यलं. काटा बघा, काटा बराबर हाय." काटा म्हणजे घरातला थर्मामीटर. तो त्यांनीच काटा तपासायला म्हणून दुकानात ठोकून बिघडवला होता. तिसऱ्या दिवशी टायफॉइड निघाला. सुमनताई रडून रडून अर्ध्या झाल्या, आणि हे डॉक्टरांना विचारतात, "तुमचा काटा कधी तपासल्ता?"

दुसरी खोड म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. वैमानिकाला खालून, विमानतळावरून, जो हुकूम मिळतो तो त्याला जसाच्या तसा परत म्हणावा लागतो. ताई म्हणणार, "येताना कोथिंबीर अन् अर्धा किलो वांगे आना." हे दारात ताठ उभे राहणार. "कोथिंबीर एक, वांगे अर्धा किलो, बराबर." आणि येताना मुळे आणणार. म्हणून दाखवण्यात इतकं चित्त, की ऐकण्यात शून्य. माझ्या वर्गात असली पोरं शेवटच्या बाकावर असतात.

घनसावंगीच्या लग्नाचं तर विचारूच नका. भाड्याची जीप केलेली, आम्ही नऊ जण कोंबलेले. साडू ड्रायव्हरशेजारी, डोक्याला पुठ्ठा, हातात मोबाइलवरचं होकायंत्र. "डावीकडं दहा अंश," म्हणाले. ड्रायव्हर बिचारा भिडस्त. साडूंचा थाट बघून त्याला वाटलं, जुना जाणता माणूस असेल. त्यानं घेतली डावीकडं. पुन्हा दहा अंश, पुन्हा डावीकडं. अर्ध्या तासानं जीप उसाच्या फडात शिरून उभी राहिली. दोन्ही बाजूंना ऊस, दार उघडेना. तिकडं अक्षता पडल्या, इकडं माझ्या बायकोच्या शालूला पाचट लागलं.

"काटा बिलकुल बराबर व्हता, गुरुजी," पुठ्ठा न काढता साडू म्हणाले. "रस्ताच चुकीचा बांधलाय."

या माणसाची मला कीव यायची, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप यायचा. ज्याला आपल्या घरची गल्ली सापडत नाही त्यानं आभाळाचं सांगावं? दूधवाला, इस्त्रीवाला, मशिदीसमोरचे बेकरीवाले रशीदचाचा, कुणालाही धरून ते दोन इंजिनं समजावत बसत. रशीदचाचा मला एकदा हळूच म्हणाले, "मास्तर, ये भगवानराव विमान लेके आनेवाले है क्या मोहल्ले में?"

आणि संध्याकाळी मुलीला फोन. रोज पाऊण तास. ओट्यावर बसून, स्पीकर लावून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पोरगी दिवसभर तिथल्या सरांकडून शिकणार आणि संध्याकाळी हे मोटारदुरुस्तीवाले तिचा तास घेणार.

"दोन इंजिनं म्हंजे काय? बैलजोडी!" हा त्यांचा शोध. "डावा बैल ढिला पडला की गाडी डावीकडं वळती. डावं इंजिन मेलं की नाक डावीकडं जातंय. मंग तू काय करशील?"

"उजवा पाय दाबीन, पप्पा."

"शाब्बास! अन् जो पाय रिकामा, त्याच बाजूचं इंजिन मेलेलं."

हे मात्र खरं होतं, मी ताडून पाहिलं. विमानात पायांखाली दोन पेडलं असतात, उजवं दाबलं की नाक उजवीकडं येतं. मयूरी एकदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही बैलाचं सांगितलं अन् मला एका मिनिटात समजलं." झालं! त्या दिवसापासून साडूंचे पाय जमिनीला लागेनात.

मग परीक्षा झाली आणि मयूरी नापास झाली.

झालं ते असं. विमान उंचावर, तिच्या डोळ्यांवर झापड, शेजारी परीक्षक. त्यांनी डाव्या इंजिनाची ताकद काढून घेतली. तिनं बरोबर ओळखलं, डावं मेलंय. उजवा पाय दाबला. सगळं अचूक. आणि मग तिचा हात गेला आणि तिनं चांगल्या, चालत्या, उजव्या इंजिनाचा दांडा मागं ओढला. म्हणजे होती नव्हती तीही ताकद गेली. विमानाचा वेग पडायला लागला. परीक्षकांनी तिथल्या तिथं विमान आपल्या हातात घेतलं. महिन्याभरानं पुन्हा परीक्षा. असं का केलंस, म्हणून त्यांनी विचारलं, तर तिला सांगता येईना.

ती चार दिवस घरी आली. जेवेना, बोलेना. "पुन्हा तसंच झालं तर?" एवढंच म्हणायची. "मला कळतच न्हाई काका, हात का गेला." आपलाच हात आपल्याला दगा देतो ही भीती किती वाईट असते ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मन रमावं म्हणून आम्ही सगळे केदारखेड्याला हुरडा खायला गेलो. साडूंनी बैलगाडी जुंपली. मयूरी गाडीत, मी तिच्या शेजारी, पुढं कासरे धरून साडू. डावा बैल खुरात काटा गेल्यानं लंगडत होता. चढावर तो मागं पडला, गाडी डावीकडं वळायला लागली, आणि साडूंनी उजव्या बैलाचा कासरा मागं ओढला. चांगल्याला आवरलं. जू सरळ झालं, गाडी हळू पण नीट चालली.

"पप्पा," मयूरी म्हणाली. तिचा आवाज ऐकून मीच दचकलो. "पुन्हा करा. आत्ता हातानं काय केलं?"

"काय केलं? उजव्याला थोडं आवरलं."

"हेच. माझ्या हातानं हेच केलं."

लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तिनं हेच कासरे धरले होते. त्यावर बापानं सहा महिने रोज पाऊण तास तेच बैल तिच्या डोक्यात घातले. गाडीचं ठीक आहे. गाडी थांबली तर बैल उभे राहून शेपटी हलवतात. विमानाला वेग लागतो. तिथं एक ढिला पडला म्हणून दुसऱ्याला आवरलं की संपलं.

साडूंनी गाडी थांबवली. कासरे मांडीवर ठेवले.

"म्हंजे मी पाडलं तुला," ते म्हणाले.

"तसं न्हाई, पप्पा." पोरीला एकदम हलकं वाटलं होतं, ते दिसतच होतं. हाताचं कोडं सुटलं होतं. "पण आता परीक्षा होईपर्यंत आपण विमानाचं बोलायला नको. मला हे सगळं डोक्यातून काढावं लागंल."

"विमानाचं बोलायचं न्हाई," साडू म्हणाले. "बराबर."

आणि या वेळी मुळे आणले नाहीत. खरंच बोलले नाहीत. पुठ्ठा दुसऱ्या दिवशी बंबात गेला. दूधवाला दूध घालून सुखरूप परत जायला लागला. संध्याकाळचा फोन आता ताईंकडं यायचा. मायलेकींचं तासभर चालायचं, मग ताई फोन यांच्या हातात देत. मी भिंतीपलीकडून ऐकायचो.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"जेवलो." मग घसा खाकरल्याचा आवाज. "बरं. ठेवू?"

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही होता आठवडाभर. एका संध्याकाळी ओट्यावर साडू एकटेच बसलेले दिसले, तेव्हा माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, "काय साडूभाऊ, विमान उतरलं का एकदाचं?"

ते चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"गुरुजी, पोरगी शिकायला गेल्ती तवापासून असंच व्हतं बघा," ते म्हणाले. "आईशी तासभर बोलायची. लोणच्याचं, कपड्याचं, मैत्रिणीचं. मंग फोन माझ्याकडं. जेवलीस का, जेवले. त्याच्यापुढं मला काही सुचायचंच न्हाई. लई इचार करायचो दिवसभर, काय इचारावं पोरीला. मंग म्हटलं, ती जे शिकून राह्यली ते आपुनबी शिकावं. पाऊण तास बोलायची हो माझ्याशी." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "माझ्या हौसेपायी तिचं वाटोळं होऊ लागल्तं."

मला माझी लाज वाटली. दोन मुलगे आहेत मला, दोघंही पुण्यात. त्यांच्याशी मी काय बोलतो? मी तर जेवलास का एवढंही विचारत नाही, बायको विचारते. आणि मी या माणसाला वर्षभर हसत होतो. मी तिथून घरात आलो.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको दुपारपासून त्यांच्याच घरी बसलो होतो. साडू देवासमोरही बसेनात आणि दारातही थांबेनात. चारच्या सुमारास ताईंचा फोन वाजला. पास! ताई रडायला लागल्या, माझी बायको रडायला लागली, मीही चष्मा पुसला. मायलेकींचं बोलणं झालं आणि ताईंनी फोन स्पीकरवर टाकून साडूंच्या हातात दिला.

"जेवलीस का?" साडूंनी विचारलं.

"न्हाई अजून. पप्पा, आजबी त्यांनी डावंच इंजिन बंद केलं."

साडूंचा चेहरा मी बघत होतो. नाक कुठं जाणार, कुठला पाय दाबायचा, कुठल्या दांड्याला हात लावायचा नाही, सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"म्हंजे काय गं?" ते म्हणाले. "एक बंद पडलं तर इमान खाली येत न्हाई का?"

"पप्पा, तुम्हाला तर सगळं माहीत हाय."

"मला कुठलं कळतंय त्यातलं. तू सांग."

मग ती सांगायला लागली. अगदी पहिल्यापासून, लहान पोराला सांगावं तसं. साडू फोन दोन्ही हातांत धरून खाली बसले. ताई चहा ठेवायला उठल्या, मी बायकोला खूण केली आणि आम्ही दोघं आवाज न करता बाहेर पडलो. दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"हां, हां. अन् मंग?"